शेजारच्या प्लॉटवर गरिबांची घरं येणार आहेत, हरकतीवर सही करू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्या कंपाउंडला लागून महापालिकेचा मोकळा प्लॉट आहे. विकास आराखड्यात तो खेळाच्या मैदानासाठी राखीव आहे. मैदान असं कधी झालं नाही, पण आमची आणि मागच्या वस्तीतली मुलं तिथे रोज क्रिकेट खेळतात. आता पेपरात नोटीस आली आहे की हे आरक्षण बदलून तिथे आर्थिक दुर्बल घटकांसाठी इमारती बांधायच्या आहेत. हरकती-सूचनांना महिन्याची मुदत आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गेला आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत. एका सदस्यांनी हरकतीचं पत्र तयार केलं आहे. त्यात पाणी आणि ट्रॅफिक आहे, पण पहिलाच मुद्दा असा आहे: ‘या वर्गातील लोकांमुळे परिसराचा दर्जा खालावेल, चोऱ्या वाढतील आणि आमच्या फ्लॅटच्या किमती पडतील.’ सगळ्यात वर माझी सही हवी आहे. आमच्याच आवारात म्हाडाच्या सोडतीतली एक विंग आहे, तिचं गेट वेगळं आहे. आणि माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी सरकारी घरासाठी फॉर्म भरला आहे. सही केली तर त्यांना तोंड कसं दाखवू? नाही केली तर ‘सोसायटीशी गद्दारी’ म्हणून ऐकून घ्यावं लागतंय. आणि खरं सांगायचं तर मैदान जाऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. काय करू?

— एक सेक्रेटरी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

दिवस थोडे उरले आहेत, म्हणून उत्तर आधी देते. ग्रुपवर फिरतंय त्या पत्रावर सही करू नका. हरकत मात्र घ्या, मुदतीत घ्या आणि मैदानासाठी घ्या. जागेबद्दलची तक्रार आणि माणसांबद्दलची नावड या दोन वेगळ्या गोष्टी त्या पत्रात एकत्र कालवल्या गेल्या आहेत. त्यामुळेच सही केली तरी मनाला टोचणी आणि नाही केली तरी टोचणी, अशी तुमची अवस्था झाली आहे.

ही नोटीस किती मोलाची आहे ते ग्रुपवर कुणी सांगितलेलं दिसत नाही. आपल्याकडे शेजारी इमारत उभी राहते तेव्हा शेजाऱ्याला कुणी विचारत नाही. बांधकाम परवानगी हा अर्जदार आणि महापालिका यांच्यातला व्यवहार असतो. 20,000 चौरस मीटरपुढच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेनुसार साध्या इमारत प्रकल्पांना जनसुनावणी नाही. मंजुरी निघाल्यावर 30 दिवसांत हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण तोपर्यंत जमिनीचा निर्णय होऊन गेलेला असतो. तुमच्या प्लॉटचं तसं नाही. मंजूर विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली महापालिकेला राजपत्रात नोटीस द्यावी लागते, कुणाही व्यक्तीच्या हरकती-सूचना एका महिन्यात मागवाव्या लागतात, बाधितांची सुनावणी घ्यावी लागते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवावा लागतो. शेवटचा शब्द सरकारचा. जेसीबी आल्यावर गेटवर जमून घोषणा देणारे खूप असतात. कायद्यानं ऐकून घ्यावंच लागतं असा टप्पा मात्र हाच आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. तो त्या पहिल्या मुद्द्यावर उधळला जाऊ नये, अशी माझी तळमळ आहे.

‘हरकती घेऊन काय होतं, सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना मुंबईची आठवण करून द्या. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते, जुन्या वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. लोकांनी नकाशे हातात घेऊन गल्लीगल्लीतल्या चुका काढल्या, हरकतींचा ढीग पडला आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. तिथे ‘आम्हाला हे नको’ एवढ्यावर कुणी थांबलं नव्हतं. नकाशात काय चुकलं आहे ते लोकांनी जागेसकट दाखवलं होतं.

आता त्या पहिल्या मुद्द्याकडे येते. ‘या वर्गातील लोक’ म्हणजे कोण? प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटक म्हणजे वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब, म्हणजे महिन्याला 25,000 रुपये. घर 30 चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आसपास, साधारण सव्वातीनशे चौरस फूट. देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसेल तरच अर्ज करता येतो, आणि घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर होतं. या चौकटीत कोण बसतं ते तुमच्या गेटवर सकाळी सात वाजता उभं राहिलात तर दिसेल. रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, गाड्या पुसणारा मुलगा, शाळेच्या बसमधली ताई, आजोबांच्या देखभालीला येणारा ब्रदर. ही माणसं आजही रोज तुमच्या आवारात असतात. काहींकडे तुमच्या घरांच्या किल्ल्या आहेत, काहींच्या कडेवर तुमची बाळं आहेत. दिवसा यांच्यावर घर सोपवायचं आणि रात्री ते शेजारी झोपले तर चोऱ्या होतील म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. तुम्हालाही तसंच वाटतं, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

चोऱ्यांचा मुद्दा तपासता येण्यासारखा आहे. तुमच्या आवारातली ती म्हाडाची विंग कुणाच्या उपकारानं आलेली नाही. 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करताना 20 टक्के क्षेत्र लहान घरांसाठी द्यावं लागतं आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. म्हणजे तुमचे पत्रलेखक ज्याला घाबरत आहेत ते तुमच्या आवारात आधीच घडलेलं आहे. मग सिक्युरिटीचं रजिस्टर काढा. ती विंग भरल्यापासून किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती त्या विंगशी जोडता येतात, ते पाहा. शिवाय एक प्रश्न सभेत जरूर विचारा: हा मुद्दा त्या विंगमधल्या कुटुंबांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायची कुणाची तयारी आहे का? जे शेजाऱ्याच्या तोंडावर वाचता येत नाही ते त्याच्या पाठीमागे सरकारी दप्तरात जमा करू नये. हे पत्र दप्तरात राहणार आहे. माहितीच्या अधिकारात उद्या कुणीही त्याची प्रत काढेल आणि सगळ्यात वर तुमचं नाव असेल.

कायद्याच्या बाजूनंही तो मुद्दा टिकत नाही. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या 1995 च्या खटल्यात दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीला आव्हान दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं आणि निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं स्पष्ट सांगितलं. पहिल्या परिच्छेदात ‘असले लोक नकोत’ वाचलेला अधिकारी पुढचे पाण्याचे, रस्त्याचे मुद्देही त्याच नजरेनं वाचतो. बहाणा शोधलाय असं त्याला वाटतं. तुमची खरी बाजू तुम्हीच लंगडी करून टाकाल.

किमतींबद्दल मला कठोर बोलायचं नाही. वीस-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन माणसं फ्लॅट घेतात. आयुष्याची पुंजी त्या चार भिंतींत असते आणि ती घसरेल या विचारानं झोप उडणं साहजिक आहे. त्या भीतीची टिंगल सभेत कुणाला करू देऊ नका. पण जमीन कशासाठी वापरावी याच्या सुनावणीत शेजारच्या फ्लॅटचा भाव हा निर्णयाचा आधार होत नाही. तो मुद्दा ऐकून घेतील आणि बाजूला ठेवतील.

मैदानाचं मात्र तसं नाही, आणि इथे तुमची बाजू खरोखर भक्कम आहे. बंगळुरूच्या राजमहाल विलास एक्स्टेन्शनमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी नर्सिंग होमला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मोकळ्या जागा रहिवाशांच्या आरोग्यासाठी असतात आणि त्यांच्यासाठी उभं राहण्याचा हक्क रहिवाशांना आहे, असं त्या निकालात आहे. तुमच्याकडे खासगी दवाखाना नाही, सार्वजनिक घरं येणार आहेत, म्हणून हा निकाल जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण मैदान हीदेखील सार्वजनिक गरजच आहे, आणि ती मोडायची तर बदल्यात काय देणार हे विचारायला तुम्ही पूर्ण मोकळ्या आहात.

म्हणून नगररचना विभागात स्वतः जा. नकाशा कुठे पाहायला ठेवला आहे ते नोटिशीत लिहिलेलं असतं. भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तुमच्या भागापुरता नकाशा, घ्या, आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे नंबर लिहून घ्या. मग आसपासच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये आराखड्यात काय काय आहे ते बघा. पर्यायी मैदान देऊ म्हणत असतील तर त्याचा सर्व्हे नंबर काय, ताबा महापालिकेकडे आहे का, तिथे आज काय उभं आहे? आणि याहून महत्त्वाचं म्हणजे ‘बेघरांसाठी घरे’ किंवा सार्वजनिक गृहनिर्माण अशी आरक्षणं आराखड्यात आधीच असतात. तुमच्या भागातली अशी आरक्षणं विकसित झाली का? नसतील तर ती का रखडली? घरांसाठी राखलेली जमीन रिकामी ठेवून मैदानावर घरं बांधायला निघाले असतील, तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा हाच असायला हवा. हे लिहिताना तुम्हाला कुणाच्याही नजरेला नजर देता येईल, कारण तुम्ही घरंही मागताय आणि मैदानही.

समजा तसं एकही आरक्षण सापडलं नाही, महापालिकेकडे खरोखर दुसरी जागा नाही. मग? मग माझं मत असं आहे की घरांना पाठिंबा द्यावा आणि प्लॉटचा मोठा भाग सलग मैदान म्हणून राखून इमारती एका कडेला घ्यायला लावाव्यात. नव्या इमारतींतल्या मुलांनाही खेळायला जागा लागणारच आहे. मागच्या वस्तीतल्या मुलांचंही तेच एकमेव मैदान आहे, आणि त्यांच्या वतीनं अजून कुणी काही बोललेलं तुमच्या पत्रात दिसत नाही. त्यांच्या आयांकडे जाऊन या.

पाण्याबद्दल लिहा, पण नीट लिहा. तुमच्या शहराला पवना धरणाचं पाणी येतं आणि नोव्हेंबर 2019 पासून ते दिवसाआड येतंय. प्रश्न खराच आहे. 2016 मध्ये बाणेर-बालेवाडीत पाणीच पुरत नाही म्हणून उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. पण ‘पाणी कमी पडेल’ हे तीन शब्द कुणीही लिहितं. माणशी रोज 135 लिटर हा सरकारी निकष आहे. पाच जणांचं कुटुंब धरलं तर घरामागे 675 लिटर. समजा 400 घरं असतील तर रोज 2 लाख 70 हजार लिटर. आता विचारा: हे कुठल्या टाकीतून येणार, त्या टाकीवर आज किती भार आहे, नवी टाकी बांधायची असेल तर ती घरांचा ताबा देण्याआधी पूर्ण होईल का? असा प्रश्न विचारलात तर उत्तर द्यावं लागतं. आणि मनाशी एक गोष्ट मान्य करा: मागच्या काही वर्षांत तुमच्या रस्त्यावर खासगी बिल्डरांचे जे उंच टॉवर आले, त्यांच्या पाण्याबद्दल सोसायटीनं किती पत्रं लिहिली? सुनावणीत हे कुणीतरी विचारणारच, म्हणून हरकतीतच लिहा की हा निकष सरकारी घरांना आणि खासगी टॉवरना सारखाच लावा.

रस्ता नकाशावर किती मीटरचा आणि जागेवर किती मीटरचा, ते टेप लावून मोजा आणि फोटो जोडा. प्लॉट नदीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला असेल तर निळी पूररेषा कुठून जाते ते पाहा. तिच्या आत असेल तर तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबांच्या जिवासाठी हरकत घ्यायला हवी.

ग्रुपवर कुणीतरी ‘कोर्टातून स्टे आणू, दहा वर्षं लटकवू’ असं म्हणत असेलच. त्यांना रावेतचं सांगा. चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत मिळून तुमच्याच महापालिकेच्या आवास योजनेतल्या 3,664 घरांची सोडत 2021 मध्ये निघाली, आणि रावेतचा प्रकल्प जागेच्या वादात न्यायालयात अडकला. सोडतीत नाव लागल्याचे पेढे वाटलेली कुटुंबं भाडं भरत थांबून राहिली. कोर्टात जाणं हा तुमचा हक्क आहे. पण ते एखाद्या ठोस मुद्द्यावर असावं. नुसता वेळ काढण्यासाठी असू नये, कारण तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून जातो.

आता सोसायटीचं. सेक्रेटरी म्हणून केलेली सही तुमची एकटीची नसते. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय सोसायटीच्या लेटरहेडवर असं पत्र जाता कामा नये, हे तुम्ही शांतपणे आणि लेखी सांगू शकता. विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, म्हणजे ती आजच काढायला हवी. सभेत पत्र एकदम मताला टाकू नका. एकेक मुद्दा वाचा आणि एकेकावर मत घ्या. माझा अनुभव असा की ग्रुपवर तावातावानं अंगठे दाखवणारी माणसं समोर बसून ‘या वर्गातील लोक’ या वाक्याला हात वर करायला कचरतात. तरीही तो मुद्दा बहुमतानं राहिलाच तर तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवा, आणि आपली वेगळी हरकत स्वतःच्या नावानं दाखल करा. कायद्यात ‘कुणीही व्यक्ती’ आहे, त्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. सेक्रेटरीपद सोडायची वेळ आली तर सोडा. पण ती येईल असं मला वाटत नाही.

पत्र लिहिणाऱ्या सदस्यांना सभेआधी एकटं भेटा, चहाला बोलवा. ते वाईट आहेत असं धरून जाऊ नका. एवढं पत्र लिहायला बसणारा माणूस सोसायटीसाठी झटणाराच असतो. त्यांना म्हणा की पाण्याचा आणि रस्त्याचा भाग तुम्हीच लिहा, आकडे मी आणून देते, फक्त पहिला मुद्दा काढा. गद्दारीचा आरोप करणाऱ्यांना वेगळं उत्तर देत बसू नका, भाग नकाशा टेबलावर ठेवा.

मावशींपासून काही लपवू नका. नोटीस त्यांना वाचून दाखवा आणि मैदानासाठी मी हरकत घेते आहे हेही सांगा. त्यांचा फॉर्म या प्लॉटचा असण्याची शक्यता कमीच आहे, कारण इथे अजून आरक्षणच बदललेलं नाही. सरकारची मंजुरी, निविदा, बांधकाम, सोडत, हे सगळं पुढे आहे. या प्लॉटवर घर मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, हे त्यांना आवर्जून सांगा. अशा नोटिशीनंतर एजंट वस्तीत फिरायला लागतात. आणि घरं व्हावीत असं त्यांना वाटत असेल तर तसं लिहून देण्याचा त्यांना तुमच्याइतकाच हक्क आहे. सूचना पाठिंब्याचीही असू शकते. साध्या कागदावर, मराठीत, नाव-पत्ता आणि सहीसह. त्यांना लिहायला अडचण असेल तर त्या सांगतील तसं तुम्ही लिहून द्या. ती सूचना तुमच्या हरकतीशी जुळली नाही तरी लिहून द्या.

हरकत दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. ‘सुनावणीला हजर राहून बाजू मांडायची आहे’ हे वाक्य अर्जात असू द्या. सुनावणीला तिघं-चौघं जा. तुमच्याबरोबर म्हाडा विंगमधलं एक जण आणि वस्तीतली एक आई असेल तर मैदान हे फक्त टॉवरवाल्यांचं दुखणं नाही, हे न सांगता कळेल. मोजकं बोला, नकाशा दाखवा, कागद हातात द्या. त्यानंतर प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो, तिथे महिनोन्‌महिने लागू शकतात आणि लोक विसरून जातात. तुम्ही विसरू नका. महापालिकेनं सरकारला काय शिफारस केली आणि तुमच्या हरकतीवर काय अभिप्राय दिला, याची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. मंजुरी अटींसह आली तर मैदानाचा राखलेला भाग बांधकामाचं साहित्य टाकायला वापरला जाणार नाही, त्याला आधी कुंपण पडेल, ही अट निविदेत आहे का ते बघा. तिथेच पुन्हा एक पत्र लागेल, आणि त्यावर सगळ्यात वर सही करायला तुम्हाला काहीच अडचण येणार नाही.